फिजिक्स, फोटोग्राफी, सायकॉलॉजी की रेडिओग्राफी? नागपूरच्या एका आईला उत्तर

प्रश्न थोडक्यात असा आहे: लेक यंदा बारावी सायन्स झाली, बायोलॉजी आणि मॅथ्स दोन्ही होते. फिजिक्स तिला मनापासून आवडतं. दोन वर्षांपासून मामाच्या जुन्या कॅमेऱ्यानं फोटो काढते. सायकॉलॉजी घेऊन बी.ए. करू का, असंही विचारते. एका नातेवाइकानं रेडिओग्राफी, म्हणजे एक्स-रे, स्कॅन काढायचं शिक्षण, सुचवली, पण तिचे बाबा म्हणतात की ते नुसतं बटण दाबायचं काम, शिवाय रेडिएशनमुळे पुढं लग्नाला आणि मुलाबाळांना त्रास. शिक्षण नागपुरातच करायचं आहे, बाहेर पाठवण्याची ऐपत नाही.

ताई, मी एकतीस वर्षं एक्स-रे विभागात काढली. पहिली तेरा-चौदा वर्षं डार्करूमच्या लाल दिव्यात गेली, मग सीटी स्कॅनवर, आणि शेवटची काही वर्षं मुलांना शिकवण्यात. म्हणून लिहिते आहे, आणि जरा लांबच लिहिणार आहे. तुमच्या लेकीच्या तीन आवडी तुम्हाला तीन वेगळ्या वाटा वाटतात. मला त्या रोज एकाच खोलीत भेटत आल्या आहेत.

या विद्येचा जन्मच तसा आहे. ८ नोव्हेंबर १८९५ रोजी जर्मनीतल्या वुर्झबर्गमध्ये रोंटगेनला हे एक्स-रे किरण सापडले, तेव्हा तो फिजिक्सचा प्राध्यापक होता, डॉक्टर नव्हता. जगाला पटलं ते मात्र फोटोमुळे. २२ डिसेंबरला त्यानं बायकोचा हात फोटोग्राफिक प्लेटवर ठेवला आणि बोटांची हाडं, त्यावरची अंगठी उमटली. १९०१ सालचं फिजिक्सचं पहिलंवहिलं नोबेल त्यालाच मिळालं.

आता बाबांच्या 'बटण दाबायचं काम' याबद्दल. बटण शेवटी दाबायचं असतं हे खरं आहे. पण त्याआधी काय होतं ते सांगते. समोर दोन पेशंट उभे आहेत, दोघांचाही छातीचा एक्स-रे काढायचा आहे. एक गडचिरोलीकडून आलेला, टीबीनं फासळ्या मोजता येतील इतका वाळलेला. दुसरा इतवारीतला गाठोड्याएवढ्या पोटाचा दुकानदार. दोघांना एकच सेटिंग लावलं तर पहिल्याची फिल्म काळी पडेल, दुसऱ्याची पांढरी. किरणांमध्ये भेदून जाण्याची ताकद किती हवी ते केव्हीपीनं, म्हणजे ट्यूबच्या व्होल्टेजनं ठरतं, किरण किती सोडायचे ते एमएएसनं, म्हणजे करंट गुणिले वेळ यानं. केव्हीपी पंधरा टक्के वाढवलं, म्हणजे ७० चं ८० च्या आसपास नेलं, की एमएएस जवळजवळ निम्म्यावर आणता येतं. पेशंटला बसणारा रेडिएशनचा डोस कमी होतो, पण चित्रातला काळ्यापांढऱ्याचा फरकही मंदावतो. कुठं फरक हवा, कुठं डोस वाचवायचा, हे प्रत्येक वेळी ठरवावं लागतं. लहान मूल हलणारच, तिथं वेळ कमीत कमी ठेवून करंट वाढवायचा. पायाला ओलं प्लास्टर असेल तर वेगळं गणित. हे सगळं काही सेकंदांत डोक्यात व्हावं लागतं, कारण बाहेर चाळीस माणसं ताटकळलेली असतात. हल्लीच्या डिजिटल मशीन चूक झाकून टाकतात, जास्त डोस दिला तरी चित्र छानच दिसतं. म्हणून तर फिजिक्स समजणारा माणूस आता जास्त लागतो.

आणखी एक. छातीचा एक्स-रे काढताना पेशंटला पाठ ट्यूबकडे, म्हणजे किरण निघतात तिकडे, आणि छाती कॅसेटला, म्हणजे फिल्मच्या चपट्या पेटीला चिकटवून का उभं करतात, हे तिला विचारा. कंदिलासमोर हात धरून भिंतीवर सावली पाडायचा खेळ आठवायला सांगा. हात भिंतीपासून दूर नेला की सावली मोठी होते. हृदय छातीच्या पुढच्या बाजूला आहे, ते कॅसेटजवळ ठेवलं तर सावली खऱ्या मापाची पडते. म्हणूनच ट्यूबही सहा फूट लांब, १८० सेंटिमीटरवर. हे जवळून आणि उलटं काढलं तर चांगलं हृदय मोठं दिसेल आणि एखाद्याला विनाकारण हार्टचा पेशंट ठरवलं जाईल. हे ऐकून तिचे डोळे चमकले तर तिला या विषयाची ओढ आहे असं समजा.

फोटोग्राफीचा उपयोग होतो तो इथंच. कॅमेरा हाताळलेल्या मुलीला एक्स्पोजर म्हणजे काय हे शिकवावं लागत नाही. चौकट कुठवर घ्यायची, काय बाहेर सोडायचं, हलल्यानं चित्र फाटतं कसं, हे तिच्या हातात बसलेलं असतं. माझ्या विद्यार्थ्यांत ज्यांना चित्राची, फोटोची नजर होती, त्यांचं पोझिशनिंग, म्हणजे पेशंटला नीट कोनात ठेवणं, पहिल्या सहा महिन्यांत इतरांच्या पुढं गेलं. आमच्या काळी तर हे खरंखुरं फोटोग्राफरचंच काम होतं. डेव्हलपर, पाणी, फिक्सर, पुन्हा पाणी. डेव्हलपरचं तापमान वीस अंशांच्या जवळपास हवं आणि नागपूरचा मे महिना तुम्हाला सांगायला नको. आम्ही सकाळीच बर्फाची लादी मागवून बाहेरच्या टाकीतल्या पाण्यात सोडायचो, डेव्हलपरमध्ये थेंब जाऊ न देता. लादी उशिरा आली की फिल्मवर धुकं चढायचं. ती डार्करूम गेली, पण ओल्या फिल्मकडे लाल उजेडात बघून 'हे जमलं, हे नाही' म्हणणारी नजर आजही लागते.

एक फरक मात्र तिला आधीच सांगून ठेवा. फुटाळ्याच्या काठावर मावळतीचे पन्नास फोटो काढून त्यातला एक ठेवता येतो. इथं दुसरा फोटो म्हणजे त्याच शरीरात पुन्हा रेडिएशन. पहिल्यांदाच बरोबर यायला हवा. ही शिस्त सगळ्यांना जमत नाही.

सायकॉलॉजीबद्दल तुम्ही विचारलंत, आणि बाहेरून कुणाला दिसत नाही तो भाग हाच आहे. आमच्याकडे येणारा माणूस दुखत असलेला आणि घाबरलेला असतो. त्याला नेमकं दुखतं तिथंच हात वाकवायला सांगावं लागतं. नागपुरात पेशंट नुसते विदर्भातले नसतात. छिंदवाडा, बालाघाटकडून येतात, छत्तीसगडमधून येतात. 'श्वास घ्या, धरून ठेवा' हे मराठीत सांगायचं, 'साँस लो, रोक के रखो' हिंदीत सांगायचं, आणि ज्याला दोन्ही कळत नाही त्याच्यासमोर स्वतः छाती फुगवून दाखवायची. एकदा एक आजोबा तीन वेळा श्वास चुकवत होते. तरुण टेक्निशियन चिडला, आवाज चढवला. मी जवळ गेले तेव्हा लक्षात आलं की त्यांना ऐकूच येत नव्हतं. खांद्यावर हात ठेवला, दाबला की श्वास धरायचा, सोडला की सोडायचा, एवढं खुणेनं ठरवलं आणि चौथ्या वेळेला झालं. पण त्या तीन फिल्मचा डोस त्यांना फुकट बसला होता. माणूस वाचता आला नाही की डोस वाढतो, इतका हा सरळ संबंध आहे.

मंगळसूत्राचंच घ्या. छातीच्या एक्स-रेला ते काढावं लागतं, नाहीतर मणी फुप्फुसावर उमटतात. नवरा आत आयसीयूत आहे आणि बाईला मंगळसूत्र काढ म्हणायचं, हे किती अवघड असतं! एका बाईनं सरळ नकार दिला आणि रडायलाच लागली. तेव्हापासून मी ड्रॉवरमध्ये हळदीत बुडवलेल्या सुती दोऱ्याची रीळ ठेवायला लागले. 'ताई, गळा मोकळा ठेवू नका, हा दोरा बांधा, मंगळसूत्र आईच्या हातात द्या.' सुती दोरा एक्स-रेत दिसत नाही. हे कुठल्याही पुस्तकात नाही, ते सुचावं लागतं. एमआरआयच्या बोगद्यात तर धट्टीकट्टी माणसं घाबरून बाहेर येतात. अर्धा तास त्या ठकठक आवाजात एखाद्याला शांत पडून राहायला लावणं म्हणजे मनाशीच काम करणं असतं.

तुमच्या लेकीला माणसाचं मन कळून घ्यायची ओढ असेल तर ती इथं वाया जाणार नाही. पण तिला समुपदेशन किंवा मानसोपचार हेच करायचं असेल तर रेडिओग्राफीच्या वाटेला जाऊ देऊ नका. सायकॉलॉजीची वाट लांब आहे हे मात्र तिला स्पष्ट सांगा. नुसत्या बी.ए.वर कुणी क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट होत नाही. त्यासाठी एम.ए. आणि पुढं भारतीय पुनर्वास परिषदेनं मान्य केलेलं शिक्षण, मग त्या परिषदेकडे नोंदणी, एवढं लागतं. घरात सहा-सात वर्षं थांबायची तयारी असेल तरच त्यात उतरावं. तयारी असेल तर जरूर उतरावं, चांगल्या माणसांची तिथं फार गरज आहे.

फिजिक्समध्ये तिला अभ्यासच गोड लागत असेल, गणितं सोडवताना जेवायचं भान राहत नसेल, तर बी.एस्सी. फिजिक्स करू द्या. नागपुरात त्यासाठी बाहेर जायची गरज नाही. विज्ञान संस्था आहे, हिस्लॉप कॉलेज आहे, आणि एम.एस्सी.ला विद्यापीठाचा स्वतःचा विभाग आहे. त्यातूनही दवाखान्यात येता येतं, आणि ही वाट फार कमी पालकांना माहीत आहे. एम.एस्सी. फिजिक्सनंतर मुंबईच्या भाभा अणुसंशोधन केंद्रात रेडिओलॉजिकल फिजिक्सचा डिप्लोमा करता येतो. त्यातून मेडिकल फिजिसिस्ट तयार होतात. कॅन्सरच्या पेशंटला रेडिएशन देताना किती, कुठून, किती वेळ, हे गणित तेच मांडतात. तुकडोजी कॅन्सर हॉस्पिटल असो की जामठ्याचं नॅशनल कॅन्सर इन्स्टिट्यूट, रेडिओथेरपीचं काम या माणसांशिवाय चालत नाही. नोकरी लवकर हातात हवी असेल तर ही वाट नको, पण मुलगी खरंच हुशार असेल तर मी बाबांना हेच आधी सुचवेन.

फोटोग्राफीबद्दल थोडंच लिहिते, कारण त्या धंद्यात मी नाही. शासकीय चित्रकला महाविद्यालयात ॲप्लाइड आर्टला फोटोग्राफी शिकायला मिळते, त्याची वेगळी सीईटी असते. ज्यांनी त्यातून पोट भरलं त्यांना काम कागदावरच्या पदवीनं नाही, काढलेल्या फोटोंनी मिळालं, एवढं मी पाहिलेलं आहे. कॅमेरा तिनं कोणत्याही कोर्सबरोबर सुरू ठेवावा.

आता रेडिएशन. तुमची खरी काळजी हीच आहे हे मला कळतं, कारण माझ्या आईनंही हेच विचारलं होतं. आपण राहतो तिथं माती, दगड, आकाश यांतून प्रत्येकाला वर्षाला सरासरी २.४ मिलिसिव्हर्टच्या (हे रेडिएशनचा डोस मोजायचं माप) आसपास नैसर्गिक रेडिएशन मिळतंच. आमच्यासारख्या काम करणाऱ्यांसाठी अणुऊर्जा नियामक मंडळानं, म्हणजे एईआरबीनं मर्यादा घातली आहे: पाच वर्षांच्या सरासरीनं वर्षाला २० मिलिसिव्हर्ट, आणि कोणत्याही एका वर्षात ३० पेक्षा जास्त नाही. प्रत्यक्षात नीट काम करणारा एक्स-रे टेक्निशियन त्या मर्यादेच्या पुष्कळ खाली राहतो. छातीवर टीएलडी बॅज, म्हणजे आपल्याला बसलेला डोस नोंदवणारा बिल्ला असतो, दर तीन महिन्यांनी तो मोजायला जातो आणि नावानिशी अहवाल येतो. माझे सगळे अहवाल मी जपून ठेवले आहेत. एकाही वर्षी माझा आकडा १ मिलिसिव्हर्टवर गेला नाही. मला दोन मुलं आहेत, दोघंही नोकरी करतानाच झाली. गरोदरपणात कळवलं की बाळासाठी वेगळी, फार कडक मर्यादा लागू होते आणि काम बदलून देतात.

बचाव कसा होतो तेही सांगते. एक्स्पोजर देताना आपण शिशाच्या काचेमागे, दुसऱ्या खोलीत असतो. खोलीत राहावंच लागलं तर शिशाचा एप्रन आणि अंतर. अंतर दुप्पट केलं की किरण चौथाई होतात, हेही तिचं बारावीचंच फिजिक्स. बटण सोडलं की किरण संपतात. खोलीत, भिंतीत, कपड्यांत काही उरत नाही. एमआरआयमध्ये तर एक्स-रे नसतातच, तिथं चुंबक आणि रेडिओलहरी असतात.

पण निष्काळजीपणा केला तर धोका आहे, हेही लपवत नाही. मी पूर्वी ज्या ठिकाणी होते तिथं एक सहकारी बॅज एप्रनवर तसाच लटकवून ठेवायचा, तो एक्स-रे रूममध्येच राहायचा. तीन महिन्यांनी त्याच्या नावावर एवढा मोठा आकडा आला की चौकशी लागली. त्याला खरा डोस किती बसला हे मग कुणालाच सांगता येईना. काही ठिकाणी शिकाऊ मुलांना पेशंट धरून ठेवायला आत उभं करतात. तुमच्या लेकीला तसं कुणी सांगितलं तर तिनं ठाम नाही म्हणावं. पेशंट धरायचा तर नातेवाइकानं, एप्रन घालून, आणि ती नातेवाईक गरोदर नाही ना हे विचारून. अठरा वर्षांच्या आत कुणालाही रेडिएशनच्या कामावर नोकरीला ठेवता येत नाही, सोळाच्या आत शिकाऊ म्हणूनही घेता येत नाही. तिचा वाढदिवस बघून घ्या.

माझी स्वतःची एक चूक सांगते, कारण ती या कामाचं वजन दाखवते. नोकरीच्या दुसऱ्या वर्षी, रात्री दोनला कॅज्युअल्टीत एकामागोमाग अपघाताचे पेशंट. एका मुलाच्या उजव्या घोट्याच्या फिल्मवर मी डाव्याचा मार्कर, म्हणजे बाजू दाखवणारी खूण, लावला. निवासी डॉक्टरच्या लक्षात आलं, कारण सूज दुसऱ्या पायाला होती. नुकसान काही झालं नाही, पण मी पहाटेपर्यंत थरथरत होते. तेव्हापासून मार्कर लावताना पेशंटच्या त्या बाजूला हात लावून मोठ्यानं 'उजवा' किंवा 'डावा' म्हणायची सवय लागली. माझे विद्यार्थीही तसंच म्हणतात.

कोर्स निवडताना काय बघायचं? पदवी करा, छोट्या सर्टिफिकेटच्या नादी लागू नका. नाशिकच्या आरोग्य विज्ञान विद्यापीठाची बी.पी.एम.टी. (बॅचलर ऑफ पॅरामेडिकल टेक्नॉलॉजी) ही पदवी आहे, त्यात रेडिओग्राफीची शाखा असते: तीन वर्षं शिक्षण आणि नंतर इंटर्नशिप. आपल्याकडे 'मेडिकल'मध्ये, म्हणजे शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात शिकायला मिळालं तर त्यासारखं दुसरं नाही, कारण तिथं एका दिवसात जेवढे पेशंट हाताखालून जातात तेवढे छोट्या ठिकाणी महिन्यात जात नाहीत. वर्धा जिल्ह्यात सावंगी आणि सेवाग्रामलाही मोठी दवाखान्यांची कॉलेजं आहेत, जाणं-येणं जमण्यासारखं आहे. २०२१ मध्ये संसदेनं या सगळ्या आरोग्य व्यवसायांसाठी वेगळा कायदा केला, त्यात मेडिकल रेडिओलॉजी आणि इमेजिंगचा स्वतंत्र गट आहे. पुढं नोंदणीला किंमत येणार आहे. म्हणून विद्यापीठाची मान्यता विद्यापीठाच्याच यादीत बघा, माहितीपत्रकावर छापलेल्या ओळीवर विसंबू नका.

चौकातल्या इमारतीत दोन खोल्या घेऊन 'पॅरामेडिकल' पाटी लावलेल्या जागा बऱ्याच दिसतील. तिथं गेल्यावर एकच विचारा: तुमचं हॉस्पिटल कोणतं, आणि मुलांना तिथं आठवड्यातून किती दिवस पाठवता? उत्तराऐवजी फी भरायची तारीख सांगायला लागले तर उठून या. फळ्यावर पोझिशनिंग शिकून आलेली मुलं मी पाहिली आहेत. हुशार असतात, पण पेशंटला हात लावायला घाबरतात, आणि त्यांचा काही दोष नसतो.

नोकरीचं खरं चित्रही ऐका. खासगीत सुरुवातीचा पगार बेताचाच असतो. धंतोली-रामदासपेठेतल्या सेंटरांत पहिली दोन वर्षं रात्रपाळी, रविवार, सणवार सगळं करावं लागतं. सीटी आणि एमआरआयचा हात बसला की परिस्थिती सुधारते. सरकारी जागा निघतात, पण वाट बघावी लागते. काय करता येत नाही तेही माहीत हवं. रिपोर्ट रेडिओलॉजिस्ट, म्हणजे एक्स-रे वाचणारा डॉक्टर देतो, आपण नाही. नातेवाईक पाठी लागतात, 'काय दिसून राह्यलं जी, सांगा ना.' आपल्याला दिसलेलं असतं, गाठ दिसलेली असते, आणि चेहरा तसाच ठेवून 'डॉक्टर सांगतील, मावशी' म्हणावं लागतं. याचा त्रास होतो, घरी घेऊन जावं लागतं. सोनोग्राफीही आपलं काम नाही. ती डॉक्टरच करतात, आणि गर्भलिंगनिदानाविरुद्धच्या १९९४ च्या कायद्यामुळे त्यावर कडक नियम आहेत. कुणी 'थोडं शिकवतो, करून टाक' म्हटलं तर त्या जागी एक दिवसही राहू नये.

मला विचाराल तर, तुम्ही लिहिलंय त्यावरून लेकीला रेडिओग्राफी शोभेल असं वाटतं. पण मी तिला पाहिलेलं नाही, आणि तिनंही ही खोली पाहिलेली नाही. फॉर्म भरायच्या आधी ओळखीच्या कुठल्याही मोठ्या दवाखान्यात रीतसर परवानगी काढून तिला एक दिवस रेडिओलॉजी विभागात बसू द्या, काचेमागच्या बाजूला. बाबांनाही सोबत पाठवा. सोमवार निवडा, त्या दिवशी ओपीडीला सगळ्यात जास्त गर्दी असते. रक्त, उलटी, ओरडणारं मूल, हे सगळं तिला बघू द्या. संध्याकाळी तिला आवडलं का असं विचारू नका. दिवसभरात कोणता पेशंट लक्षात राहिला ते विचारा, आणि ती मशीनबद्दल बोलते की माणसाबद्दल, की दोन्हीबद्दल, ते ऐका. त्या दिवशी चपला नको, बंद बूट घालून जायला सांगा, आणि डबा सोबत द्या. दुपारी तीनपर्यंत कुणाला बसायला मिळत नाही.